पहिला घास

धाकट्या शेवंताचं लग्न झालं त्या वर्षीची गोष्ट. थोरल्या दिगंबरला स्किझोफ्रेनियापायी वाटे, अन्नात कुणीतरी विष कालवलंय. म्हणून त्याची आई चंद्राक्काच रोज विषाची परीक्षा घ्यायच्या. ताटातला पहिला घास त्या खायच्या, मगच लेक जेवायचा. गोळी मात्र एकट्यानं अख्खी गिळायची, तिला हा तोडगा चालेना, आणि गोळीवाचून दुखणं हटेना.

शेवटी प्रयोगशाळेत औषधांवर संशोधन करणाऱ्या तांबोळीबाईंनी मायलेकांना भिंगाखालची बशी दाखवली. "दिगंबर, तुझ्याच रक्तापासून या मेंदूच्या पेशी वाढवल्यात. बरीच औषधं यांना देऊन पाहिली, त्यातलं या गोळीतलं मानवलं."

"म्हणजे माझ्याआधी यांनी खाल्लं?"

"खाल्लं."

"आणि जगल्या?"

"मजेत आहेत."

दिगंबर हसला. "आक्का, तुझी नोकरी गेली बघ. पाणी दे."

त्यापुढं मायलेक एकाच वेळी जेवायला बसू लागले. चंद्राक्का पाच वर्षांनी, चैत्रात, म्हातारपणानं वारल्या.