केळीचा हलता फोटो

दिपमालानं बटण दाबलं आणि केळी वाढली. जमिनीतून पोंगा वर आला, पानं फुटली, खोड फुगलं, घड लोंबला. मग सगळं गायब होऊन पुन्हा पोंग्यापासून सुरू. शिरपूरच्या व्हिडिओच्या क्लासात नवीन सरांनी शिकवलं होतं ते एवढंच. मोबाईल एकाच जागी ठेवायचा, दर रविवारी एक फोटो काढायचा, सगळे फोटो एकामागे एक लावायचे. एकच गोष्ट हलली पाहिजे, बाकीचं जग जागच्या जागी.

मोबाईल तिनं दर वेळी विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीच्या खिडकीत, त्याच गजाला टेकवला होता. विजेचा खांब जागेवर होता. विहिरीचा कठडा जागेवर होता. बांधावरचा हद्दीचा दगड मात्र चालत होता.

तिनं वेग कमी करून पाहिलं. दगड डावीकडे निघाला होता. दर रविवारी थोडा, अगदी सभ्यपणे. उजवीकडे त्यांची केळी होती. डावीकडे उखर्डूचं रान.

गेलं वर्षभर तिचा बाप रुपचंद गावातल्या प्रत्येक ओट्यावर सांगत होता की उखर्डू बांध कोरतो आणि दगड आपल्या केळीत ढकलतो. उखर्डू म्हणायचा, उलट माझंच रान आटत चाललंय. पण तो बोलताना अडखळायचा आणि रुपचंद अडखळत नसे, त्यामुळे गावाचं मत बनायला वेळ लागला नाही. मागच्या आठवड्यात रुपचंदचं ऐकून छगनकाका कुऱ्हाड घेऊन उखर्डूच्या दारात उभा राहिला होता. विचारल्यावर म्हणाला, सहज आलो होतो. आज संध्याकाळी याच भांडणावर पारावर बैठक होती.

"पप्पा, हे बघा."

रुपचंदनं पाहिलं. स्वतःच्या लग्नाची कॅसेट पाहावी तसं, ओळखीच्या नजरेनं पाहिलं. मग उठून त्यानं दार लोटलं.

"हे उलटं चालवता येतं?"

"येतं. पण मग केळीपण उलटी चालेल. आधी घड, शेवटी पोंगा."

"केळी कोण देखतंय? बांधाचं भांडण असलं म्हणजे लोक दगड देखतात."

"पप्पा, उखर्डूनानाकडे तेवढीच पट्टी आहे."

"म्हणून तर," रुपचंद म्हणाला. आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून मायेनं विचारलं, "क्लास पुरा करायचा शे ना तुला?"

फोटो उलटे लावायला तिला एक चहा उकळेल एवढासुद्धा वेळ लागला नाही. कडा कापायलाही सरांनी शिकवलं होतं. कडा कापून केळी बाहेर टाकता आली असती, म्हणजे चौकटीत नुसता बांध उरला असता. तिनं त्या कापल्या नाहीत. अर्धी चौकट भरून केळी राहू दिली. या गावाचं लहान पोरसुद्धा पानाचा रंग पाहून केळीचं दुखणं सांगतं. पिकला घड झाडात परत शिरताना पाहून कोणीतरी उठेलच, एवढ्या भरवशावर तिनं मोबाईल छगनकाकाच्या हाती दिला.

छगनकाकानं घरचा टीव्ही पारावर आणून जोडला होता. सगळा गाव जमला. उखर्डू कडेला उकिडवा बसला.

टीव्हीवर घड हळूहळू बारीक झाला आणि झाडात शिरला. पानं मिटली. खोड आक्रसलं. शेवटी पोंगाही मातीत गेला. शेजारून दगड उजवीकडे चालत आला, थेट रुपचंदच्या रानात.

"गया, गया! दगड देखा, दगड!" भाईदासशेठ ओरडला. तो केळीचा व्यापारी. चालत्या ट्रकमधला माल रस्त्यावरून ओळखायचा.

पुन्हा लावलं. पुन्हा घड झाडात शिरला. दिपमाला एकेक चेहरा पाहत होती. सगळे डोळे दगडावर होते. उखर्डूचेही.

निकाल तिथेच लागला. फोटोत दगड पहिल्यांदा जिथे दिसतो तिथे तो परत न्यायचा. छगनकाकानं पहार घेतली आणि सगळी मंडळी रानात गेली. भाईदासशेठनं मोबाईल समोर धरून खांब पाहिला, कठडा पाहिला, जागा नक्की केली.

दगड त्याच जागेवर उभा होता.

छगनकाकाची पहार हातातच राहिली. आता तरी कळेल, दिपमालाला वाटलं. आता तरी कोणीतरी मोजेल, विचारेल, निदान केळीकडे मान वळवेल. तिथेच तर उभी होती ती, घडांनी वाकलेली.

"घाबरून परत आणून ठेवला गड्यानं," भाईदासशेठ म्हणाला. "चला, सुधरला."

हे सगळ्यांना पटलं. दोघांनी टाळ्याही वाजवल्या. रुपचंदनं मोठ्या मनानं हात जोडले. "जाऊ द्या. शेजारी शे आपला. दगड आहे तिथेच राहू द्या."

मंडळी पांगली. उखर्डू मात्र दगडावर हात ठेवून उभा राहिला. ओळखीच्या जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा त्यानं तो हात फिरवला. मग सावकाश चालत तो दिपमालापाशी आला. त्याच्या तोंडावर राग नव्हता. त्या दिवशी तो अडखळलाही नाही.

"बेटा, तो फोटो मना मोबाईलवर धाड," तो म्हणाला. "मी काय काय केलं, ते माले निवांत देखनं शे."