बिल्ल्यावर नसलेलं नाव

"नाव घालू नका, ताई," बिल्ले कोरणारे काका म्हणाले होते. "नाव वाचून कुणीही हाक मारतं आणि कुत्रं निघतं त्याच्यामागे. फोन नंबर पुरे."

बरंच झालं. आमच्या कुत्र्याचं नाव बोका. काका हसत सुटले असते.

आज दुपारी बाळाच्या मुठीतून अलगद बोट सोडवलं आणि दाराशी ठेवलेला फोन घेतला.

"तुमचं कुत्रं सापडलंय," कुणी बाई बोलत होत्या. "काळं आहे, डावा कान फाटलेला. बिल्ल्यावर हाच नंबर आहे."

मी वळून पाहिलं. पाळण्याखाली तो पाठमोरा बसला होता. काळा, डावा कान फाटलेला, गळ्यात बिल्ल्याचा पट्टा.

"आमचा घरातच आहे हो."

"मग हा कुणाचा? रडून रडून जीव काढतोय बिचारा. फोन धरते त्याच्या कानाशी, बोला जरा."

मी हळूच म्हणाले, "बोक्या."

पलीकडून तीच कुईकुई आली, मी बाहेरून आले की तो करतो ती.

मग खोलीत मोठ्यानं हाक मारली. पाळण्याखालच्यानं कानसुद्धा हलवला नाही.

बाळ झोपेत हुंकारलं. तेव्हा मात्र तो उठला.