बिल्ला

हेमांगीच्या कोटावर ईशानच्या फोटोचा बिल्ला बघून वृंदाचे पाय जागीच थांबले. लष्करी गणवेशातला, हसरा ईशान. मुलगा तिचा, बिल्ला मात्र चौकात जमलेल्या प्रत्येकाने लावला होता.

युद्धामुळे राष्ट्राध्यक्षांची लोकप्रियता घसरल्याच्या बातम्या आता रोज येत होत्या. त्यामुळे न्यू जर्सीतलं अख्खं मराठी मंडळसुद्धा आज युद्धाविरुद्ध घोषणा द्यायला रस्त्यावर उतरलं होतं.

ईशानची तुकडी आघाडीवर निघाली, तेव्हा सैनिकांना परत बोलवा असं म्हणत वृंदा याच माणसांकडे सह्या मागत फिरली होती. "मुलगा सैन्यात आणि आई असलं बोलते? आम्हाला या देशात राहायचंय, बाई!" असं म्हणून तिच्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीने, हेमांगीनेच, तोंडावर दार लावलं होतं. मग मंडळाची बोलावणीही बंद झाली. ईशानची शवपेटी आली त्या दिवशी मात्र सगळे फुलं घेऊन हजर होते.

"चार शब्द बोल ना," हेमांगी म्हणाली. "तुझ्या बोलण्याला वजन आहे."

"तेव्हा नव्हतं?"

"तेव्हा वातावरण वेगळं होतं गं."

वृंदा व्यासपीठावर चढली. टाळ्यांचा कडकडाट झाला. तो थांबेपर्यंत ती ओळखीचा एकेक चेहरा बघत राहिली.

"आज तुम्ही जे म्हणताय, तेच मी तुमच्या दारात येऊन म्हटलं होतं," ती म्हणाली. "तेव्हा माझा ईशान जिवंत होता."