गंधालीची वजावट

एका संस्थेत पुरातत्त्वज्ञ म्हणून नोकरी करणाऱ्या गंधालीने वर्षभराची बिलं मुलुंडच्या करसल्लागार शरच्चंद्रकाकांपुढे ठेवली. उत्खननाचे बूट, ब्रश, खुरपी, सगळं पदरमोड करून घेतलेलं. करात सूट मिळाली, तरच पुढच्या मोसमाचं सामान जमणार होतं.

"काका, हौस म्हणून नाही हो, नोकरीसाठीच घेतलंय ना!"

"अगं, धंदा असता तर खर्चात दाखवलं असतं. पगारदाराला ठरलेली वजावट, तेवढीच. ही बिलं आता देवापुढे ठेव."

ती ऑफिसात परतली आणि बोरिवलीला पाया खणताना निघालेला हजार वर्षांपूर्वीचा शिलालेख वाचायला बसली.

 

'राजाची आज्ञा : पदरमोड करून तळं खणणाऱ्या या बाईकडून चंद्रसूर्य असेतो कोणीही कर घेऊ नये.'