जन्मस्थळ मीरपूरखास

‘जन्म पाकिस्तानातला?’ मेडिकल प्रवेशाच्या टेबलावरच्या बाबूने हेमीचा दाखला सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा वाचला. ‘आता तिकडची माणसं आमच्या जागा खाणार तर!’

हेमीचे वडील सिंधमधल्या मीरपूरखासला डॉक्टर होते. तिथली पदवी इथे चालत नसल्याने नागपुरात आल्यापासून ते औषधांच्या दुकानात नोकरी करत होते. ‘साहेब, मुलीला नागरिकत्व मिळालंय,’ ते अजिजीने म्हणाले. ‘प्रमाणपत्र अर्जालाच जोडलंय.’

‘असले कागद रोज बघतो. पुढच्या वर्षी या.’

‘हेच लिहून द्या,’ हेमी म्हणाली. ‘सही-शिक्क्यासकट.’

बाबू हसला. ती टेबलासमोरच्या खुर्चीतून उठली नाही. मागची रांग ओरडू लागली, तशा आतून मोठ्या मॅडम आल्या. त्यांनी प्रमाणपत्र वाचलं आणि बाबूला एवढंच म्हणाल्या, ‘अर्ज घ्या.’

त्याने मुकाट शिक्का मारला. मॅडम आत जाताच त्याचा आवाज मधाळ झाला. ‘करून दिलं बघा तुमचं काम! डॉक्टर झालीस की आम्हाला विसरू नको हं, बेटा.’

आभार मानायला वडिलांनी हात जोडले. हेमीने ते हलकेच धरून खाली केले.

‘चला बाबा,’ ती म्हणाली. ‘यांना पगार मिळतो या कामाचा.’