वरून आलेला निरोप

“ताई, दुपारी अर्धा तास सोडाल का? बाळाला पाजून येते.”

नूतन बाळंतपणानंतर आज पहिल्यांदाच कामावर आली होती. पदर छातीशी घट्ट लपेटलेला. प्रेरणाला इथं सुपरवायझर म्हणून येऊन महिनाही झाला नव्हता. दोघींची ओळख सकाळचीच.

“बाळ कुणापाशी?”

“आजीपाशी. हाय हितंच, जवळ. रडत असंल वो.”

वेल्ह्याच्या त्या तांदूळ गिरणीत एक शिस्त होती. बायकांनी प्रेरणाला सांगायचं, प्रेरणानं मॅनेजर हनुमंतरावांना, त्यांनी माडीवर मालकीणबाईंना. उत्तर त्याच वाटेनं खाली. बोलावल्याशिवाय जिना चढायचा नाही, आणि कामावर नातीगोती काढायची नाहीत. मागं बंडू हमाल परस्पर वर गेला, तो दुसऱ्या दिवशी गिरणीत दिसला नाही.

प्रेरणानं हनुमंतरावांना सांगितलं, “एका बाईला अर्धा तास सुट्टी हवीय.”

“बघू. घालतो वर कानावर.”

पिशव्या भरता भरता नूतन सारखी जिन्याकडं बघत होती. भ्यालीय बिचारी, प्रेरणाला वाटलं. यंत्रांच्या घरघरीत वरचं काही ऐकू येत नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीआधी हनुमंतराव लगबगीनं आले. “नूतनला वर पाठव. लगेच. बाई लई तापल्यात.”

प्रेरणाच्या मनात आलं, पहिल्याच दिवशी सवलत मागितली, आता गेली हिची नोकरी. तिची स्वतःची लेक कापूरहोळला आईकडं वाढत होती. पान्हा दाटून येतो आणि लेकरू जवळ नसतं, तेव्हा काय होतं ते तिला कुणी सांगायला नको होतं.

“पाठवते,” ती म्हणाली.

पाठवलं मात्र नाही. नूतनला काही न सांगता ती स्वतःच जिना चढली. माडीचं दार बंद होतं. धीर सुटायच्या आत तिनं कडी वाजवली आणि बाहेरूनच बोलून टाकलं,

“बाई, तिला काढू नका! तान्हं लेकरू हाय वो तिचं, भुकेजलं असंल. काढायचं तर मला काढा.”

दार उघडलं. मालकीणबाईंच्या केसांचा अंबाडा सुटला होता, आणि खांद्यावर रडून रडून लालबुंद झालेलं बाळ होतं.

“काढतंय कोण, बये? माझ्या सुनेला आधी वर पाठव, नातू उपाशी हाय माझा!”