चार नंबरचा ऑपरेटर

गोरव्यातल्या कारखान्याचं नवं सॉफ्टवेअर तीन दिवस सुरू होताच बंद पडत होतं. वरिष्ठ प्रोग्रामर मोहनाताईंनी हाताखालच्या सलीलचा कोड वाचला आणि कपाळावर हात मारला.

"अरे, तुझा मशीनचा क्लास, म्हणजे कोडमधला मशीनचा साचा, ऑपरेटर मागतोय आणि तू ऑपरेटर नंतर बनवतोयस. आधी माणूस उभा कर, मग मशीन. खाली मशीन शॉपमध्ये तरी माणूस आल्याशिवाय कुणी स्विच दाबतं का?"

सलीलने दोन ओळींची जागा बदलली. प्रोग्राम सुरू झाला आणि सुरूच राहिला. "हाश!" म्हणत त्याने चहा मागवला.

स्क्रीनवर एकच ओळ आली. लेथ चार, ऑपरेटर विश्वंभर.

"हे नाव तू घातलंस?" ताईंनी विचारलं.

"नाही. नावांची यादी अजून रिकामीच आहे."

जेवणाची सुट्टी होती, शॉपला कुलूप होतं. तरी खालून लेथ फिरल्याचा आवाज येऊ लागला.

चहाला वर आलेले फोरमन रमाकांतकाका तो ऐकून खुर्चीत टेकले. दिवाळीत विश्वंभर वारल्यापासून चार नंबरला हात लावणारं कुणी उरलं नव्हतं. त्यांचा चेहरा एकदम हलका झाला.

"आला बुवा एकदाचा," ते म्हणाले. "अजून एक चहा सांगा. त्याला बिनसाखरेचा लागतो."